ढोलवीगडाची शेवटची शिबंदी

ढोलवीगडावर आजवर कुणीही चाल करून आलं नाही, आणि यात गडाचा काही दोष नाही, असं नाथाजी हवालदाराचं ठाम मत होतं. गड आपल्या परीनं तयार होता. उत्तरेला एका सुलतानाचा मुलूख, दक्षिणेला दुसऱ्याचा, आणि मधल्या डोंगरसोंडेवर हा गड हद्द राखायला बसवलेला. एक दरवाजा, दोन बुरूज, पाण्याचं एक टाकं. पुढे सुलतान गेले आणि जिल्हे आले. उत्तरेची उतरण साताऱ्यात गेली, दक्षिणेची सांगलीत. दोन्हीकडच्या एसट्या पायथ्यापर्यंत येत, क्षणभर घरघरत आणि वळून माघारी जात. गडावर दिवा पाहिजे म्हणून साताऱ्याला अर्ज केला की तो सांगलीकडे जाई, आणि सांगलीला केला की साताऱ्याकडे. एक अर्ज तर इतका फिरला की नाथाजीला त्याचा हेवा वाटू लागला.

गडावर पूर्वी घरं होती. कुणी पाण्यासाठी खाली गेलं, कुणी पोटासाठी लांब गेलं. उरलं एकच घर, नाथाजीचं. फौजेतून पेन्शन घेऊन तो आला तो मनुबाईबरोबर इथंच राहिला, कारण मनुबाई गड सोडायला तयार नव्हती. दोन वर्षांमागं ती गेली आणि तिचा हट्ट नवऱ्याच्या नावावर चढला.

थोरला मुलगा ऋषिराज सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला होता. दर दिवाळीला तो म्हणे, "तात्या, गडावर आहे तरी काय?"

"सांगलीत काय हाय?"

"माणसं आहेत."

म्हणून एकदा नाथाजी आठ दिवस सांगलीला राहून आला. गॅलरीत खुर्ची टाकून बसला. माणसं होती, ही गोष्ट खरी. पण ती सगळी कुठंतरी निघालेली होती. नाथाजी परत आला. गडावर निदान कुणी निघून जात नव्हतं. कोयनेकडून अधूनमधून धरणीचा हादरा येई, फळीवरची भांडी खुळखुळत, आणि नाथाजी जागेवरून न उठता म्हणे, "या, बसा." हादरा बसत नसे. तोही निघून जाई.

अशात चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याची माणसं उत्खननाला आली.

त्यांची प्रमुख होती राजेश्वरी नावाची पस्तिशीची बाई. चष्मा, डोक्याला फडकं, पायात पुरुषी बूट. चांगले किल्ले खात्यातल्या इतरांनी वाटून घेतले होते. राजेश्वरीनं एका सभेत उपसंचालक साहेबांच्या निबंधातली चूक सगळ्यांसमोर दाखवली होती, म्हणून तिच्या वाट्याला ढोलवीगड आला. हे तिनंच नाथाजीला सांगितलं, पहिल्याच दिवशी, चुलीपुढं बसून चहा पिताना.

"चूक खरी व्हती का?" नाथाजीनं विचारलं.

"खरी होती."

"मग बराबर शिक्षा झाली," नाथाजी म्हणाला. फौजेत त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती.

तंबू लागले. पायथ्याच्या ढोलवी गावातली माणसं रोज सकाळी कुदळी-पाट्या घेऊन वर येऊ लागली, त्यांत मनुबाईची चुलतबहीण सुलाबाईही होती. नाथाजीला खात्यानं राखणदार नेमलं. त्याचं काम काय, हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तो सगळंच करू लागला. पाणी आण, लाकडं फोड, मॅडमच्या भाकरीवर अंमळ जास्त लोणी घाल. सकाळी तंबूतून कुणाचं तरी शिंकणं ऐकू आलं की त्याला बरं वाटे. दोन वर्षं गडावर एकटाच शिंकत होता तो.

राजेश्वरी रोज दिवस कलला की त्याच्या अंगणात येऊन बसायची. साताऱ्याला ती एका खोलीत भाड्यानं राहत होती. घरमालकीण कडक होती आणि दाराशी आलेल्या प्रत्येक माणसाची चौकशी करायची. "पण माझ्याकडे कुणी येतच नाही," राजेश्वरी म्हणाली, "त्यामुळे बिचारीची फार कुचंबणा होते." नाथाजी हसला. मग दोघंही बराच वेळ काही बोलली नाहीत. हे न बोलणं एकट्यानं न बोलण्यापेक्षा पुष्कळ वेगळं होतं.

एवढं सुखात चाललेलं असताना एक अडचण होती. गडात काही सापडत नव्हतं. चौकोन आखायचे, बोट-बोट माती खरवडायची, चाळायची, आणि निघायची ती मातीच. बाण नाही, गोळा नाही, जळक्या लाकडाची राख नाही. एका संध्याकाळी राजेश्वरी कप खाली ठेवत म्हणाली, "साहेबांचा निरोप आलाय, हवालदार. महिनाअखेरपर्यंत काही निघालं तर पावसाळ्यापर्यंत मुदत. नाही निघालं तर तंबू उठणार."

"उठणार म्हंजी?"

"म्हणजे आम्ही जाणार."

त्या संध्याकाळी नाथाजी बुरुजावरच्या आपल्या नेहमीच्या दगडावर जाऊन बसला. खाली तंबूत कंदील लागले होते. कुणीतरी रेडिओ लावला होता, दुसरं कुणीतरी तो बंद कर म्हणून ओरडत होतं. हे सगळं उठणार. मग पुन्हा तो, टाकं आणि कोयनेचा हादरा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. नाथाजी फौजेत होता म्हणजे सॅपर पलटणीत होता, आणि त्याचा हात माइन पेरण्यात बसलेला होता. एकाहत्तरला वाळवंटातल्या हद्दीवर त्यानं अशा सफाईनं माइना पेरल्या होत्या, की वरून त्याचाच सुभेदार चालत गेला असता आणि त्याला कळलं नसतं, निदान काही क्षण तरी. गवताचा चौकोन पातळ कापून झाकणासारखा उचलायचा, खाली हात घालून जिन्नस ठेवायचा, माती जशी निघाली तशीच थराथरानं परत भरायची, ठोकायची, झाकण बसवायचं, वर ओंजळभर पाणी. दोन दिवसांत जमिनीलासुद्धा आठवत नाही की आपल्याला कुणी उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, तंबू झोपेत असताना, त्यानं पुढं खणायच्या एका चौकोनात मनुबाईचा वरवंटा पेरला.

वरवंटाच का, तर तो दगडाचा होता, आणि दगडाला वय विचारता येत नाही. आठवड्यानं त्या चौकोनात खणणी आली, आणि कुदळीचा टणत्कार ऐकू आला. राजेश्वरी खड्ड्यात उतरली, गुडघ्यावर बसली, ब्रशानं माती झटकू लागली. वरवंटा हळूहळू बाहेर येत गेला. "वस्ती," ती पुटपुटली. "इथं कुणीतरी स्वयंपाक करत होतं." मग ती वर बघून इतकी मोकळी हसली, की नाथाजीनं मान वळवली. कामगारांना त्या दिवशी गूळ वाटला गेला, आणि वरवंटा निघाला त्या जागी लाल चिंधीचं छोटं निशाण रोवलं गेलं.

सुलाबाई मातीची पाटी डोक्यावर घेऊन नाथाजीच्या शेजारी येऊन थांबली.

"दाजी."

"काय गं?"

"ह्या वरवंट्यानं म्या तुमच्या लग्नातली मिरची वाटलीया."

"गप बस, सुले."

"गपच हाय की. हाताची आग तेवढी अजून आठवतीया." ती दोन पावलं गेली आणि परत वळली. "आक्का वयानं थोर व्हती दाजी, पर येवढी जुनी न्हवती वो."

पण सुलाबाई कुठं बोलली नाही. रोजगार तिलाही पावसाळ्यापर्यंत हवाच होता.

मग पाठोपाठ वस्तू निघू लागल्या. मनुबाईची काजळी धरलेली पणती. तिच्या तुटलेल्या पोतीचे मणी. जात्याचा खुंटा. कण्या भाजायचं मातीचं फुटकं परळ. एकेक वस्तू फळीवरून उतरत होती आणि फळी मोकळी होत होती. पणती उचलताना नाथाजी जरा थबकला. मग मनाशी म्हणाला, ही काय मनूला आता लागायची नाही, आणि मनूला माणसं आवडायची. जाताना येताना कुणी चहाला थांबलं नाही तर दोन दिवस धुसफुसायची ती. आपल्या पणतीवर एवढी माणसं थांबली हे तिला चाललं असतं. पटवून घ्यायचं म्हटलं की सगळं पटतं.

राजेश्वरी मात्र कधी कधी निशाणांकडे बघत उभी राही. "हवालदार, इतकी शिस्तीची वस्ती मी पाहिली नाही," ती एकदा म्हणाली. नाथाजीनं ते कौतुक समजून घेतलं.

महिनाअखेरीला उपसंचालक साहेब आले. पायथ्याला जीप सोडून, दोनदा बसत, तीनदा डोंगराला नावं ठेवत ते वर पोचले आणि पाहणी करायला बुरुजावर चढले. बरोबर राजेश्वरी, मागं नाथाजी पाण्याची कळशी घेऊन.

साहेबांनी खाली पाहिलं. नाथाजीनंही पाहिलं, आणि हातातली कळशी हळूच खाली टेकवली.

पेरणी सुरू झाल्यापासून तो बुरुजावर चढलाच नव्हता, ती निशाणं त्यानं आजवर खालूनच पाहिली होती. वरून दिसत होती ती तिरकी, सारख्या अंतराची, एकाआड एक पुढं-मागं सरकलेली रांग. अगदी नियमाप्रमाणं. तो न ठरवता पावलं मोजून पेरत गेला होता, कारण अठ्ठावीस वर्षं हाताला आणि पायाला दुसरं काही येतच नव्हतं. समोर गडावर त्याचं स्वतःचं माइनफील्ड फडफडत होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "दिसतंय का तुम्हाला? नियोजन! ही घरं नव्हेत. समान अंतरावरची ठाणी आहेत. ही दुकानं आहेत. बाजारपेठ! सीमेवरच्या किल्ल्यावर दोन्ही राज्यांतल्या व्यापाऱ्यांचा बाजार भरत होता. मला हे पहिल्यापासूनच वाटत होतं."

"सर, पण माणसं इतक्या सरळ..." राजेश्वरी म्हणाली.

"पुन्हा चूक काढताय का माझी?"

"नाही सर."

"उद्या सांगलीहून पत्रकार बोलावतो. नाव तुमचं, मार्गदर्शन माझं. आणि मुदत पावसाळ्यापर्यंत काय, पुढच्या वर्षीही!"

म्हणजे नाथाजीला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, वर एक वर्ष आणखी. तो कळशी घेऊन खाली आला. संध्याकाळी राजेश्वरी अंगणात आली, पण बसली नाही. उभ्याउभ्याच बोलत राहिली.

"मला ते बाजाराचं पटत नाही, हवालदार. पण वस्तू तर माझ्या डोळ्यांसमोर निघाल्या ना? त्या काय खोटं बोलतात? बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी लागलंय." ती थांबली. "आज आईला पत्र टाकावं असं वाटलं. मग आठवलं, ती नाही."

नाथाजीनं चूल फुंकली. चूल पेटलेलीच होती.

ती गेल्यावर सुलाबाई पाटी घ्यायचं निमित्त करून आली. "पेपरात येनार म्हनं मॅडम."

"व्हय."

"आन् येखादं श्यानं मानूस वाचंल, वर यील, म्हनंल ही पनती तर आमच्या घरात बी हाय. मग हसतील कुनाला? तुमाला न्हाई हसायचे, दाजी. तुमाला वळखतंय कोन?"

नाथाजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बोलता आलं असतं तर तो एव्हाना मॅडमच्या तंबूपाशी गेला असता. दोनदा तो निघालाही, आणि दोनदा टाक्यावरून रिकामाच परत आला. तोंडानं सांगायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. पेरायची शिकवली होती.

फळीवर शेवटचा पितळेचा तांब्या उरला होता. तो त्यानं इतके दिवस मुद्दामच पेरला नव्हता, कारण त्याच्यावर नाव होतं. दिवस उगवायच्या सुमाराला नाथाजीनं तो राखेनं लख्ख घासला आणि घेऊन बाहेर पडला.

सकाळी पत्रकार अजून चढ चढत होते. वर साहेब काठीनं बाजारपेठ दाखवायची रंगीत तालीम करत होते. नाथाजी पुढं झाला आणि त्यानं सलाम ठोकला.

"साहेब, बाजारातलं फुडलं दुकान दावू का?"

"म्हणजे?"

नाथाजी शेवटच्या निशाणापाशी गेला. टाचा जुळवल्या, तिरका वळला, मापानं पावलं टाकत गेला आणि एका जागी टाच आपटली. "हितं. खना."

राजेश्वरीनं त्याच्या पावलांकडे पाहिलं, मग मागच्या निशाणांकडे, मग पुन्हा पावलांकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना नाथाजीला दिसला, आणि त्यानं समोर नजर लावली, परेडवर लावतात तशी.

सुलाबाईनं दोन घाव घातले आणि तांब्या निघाला. साहेबांनी तो झडप घालून घेतला. "वा, वा! घडण बघा! हा घाट आता कुठे मिळतो?" रुमालानं माती पुसून ते खणखणीत आवाजात वाचू लागले. "चि. सौ. कां. मनुबाई हिच्या..." आवाज खाली आला. "...लग्नात, मामा अर्जुना यांजकडून..." पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मग तांब्या उलटा करून पाहिला. बुडाखाली एखादा सुलतान निघेल अशी त्यांना आशा असावी.

शेवटी राजेश्वरीच बोलली, अगदी हळू. "हवालदार, तुमची पलटण कुठली म्हणालात?"

"सॅपर."

"म्हणजे सुरुंग पेरायचे."

"पेरायचे बी, आन् काढायचे बी."

"अजून किती पुरलेत?"

"हायेत थोडं."

"मग काढा."

नाथाजीनं काढले. सगळ्यांसमोर, एकट्यानं, कुदळ न घेता. गुडघे टेकायचे, गवताचं झाकण उचलायचं, कोपरापर्यंत हात घालायचा. चाळणीचा एक तुकडा निघाला, पीठ मळायची लाकडी काथवट निघाली, आणि शेवटी हिरव्या बांगड्यांचे तुकडे निघाले, कापडात बांधलेले. ते त्यानं मोजले नाहीत, तसेच सदऱ्याच्या खिशात ठेवले. हसावं असं पुष्कळांना वाटत होतं, पण सुलाबाई पदर खोचून अशी उभी होती की कुणाची हिंमत झाली नाही.

पत्रकारांना साहेबांनी अर्ध्या वाटेवरच गाठून माघारी नेलं. बाजारपेठेची गोष्ट त्यांनी पुढं कुठं काढली नाही. काढली असती तर बाजार कुणाला दिसला होता तेही सांगावं लागलं असतं. तंबू मात्र दुसऱ्या दिवशी उठवायचे, असा हुकूम झाला.

राजेश्वरी दिवसभर नाथाजीशी बोलली नाही. संध्याकाळी अंगणात आली नाही. नाथाजीनं दोघांचा चहा केला आणि दोन्ही कप पिऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सामान खाली गेलं. नाथाजी बुरुजावर आपल्या दगडावर बसून बघत होता. मागून बुटांचा आवाज आला. राजेश्वरीनं एक खोकं त्याच्यापुढं ठेवलं. आत वरवंटा, पणती, खुंटा, मणी, सगळं धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून. प्रत्येकावर काळ्या शाईत बारीक आकडा.

"शाई निघणार नाही," ती म्हणाली. "तेवढी शिक्षा राहू दे."

"लय कमी हाय, मॅडम."

"मला माहीत आहे." तिनं खोक्याचं झाकण लावलं. "माणसं राहावीत म्हणून केलंत ना?"

नाथाजीनं मान डोलावली.

"मलाही संशय आला होता. मी तो पुढे जाऊ दिला नाही. मलाही साताऱ्याला जायचं नव्हतं." मग एकदम म्हणाली, "उठा जरा."

"आं?"

"त्या दगडावरून उठा."

नाथाजी उठला. राजेश्वरी वाकली, तिनं डोळे बारीक केले आणि खिशातून ब्रश काढला. नाथाजीच्या बैठकीनं गुळगुळीत झालेल्या दगडावर झिजलेल्या रेघा दिसू लागल्या. चौकोन, त्यात तिरक्या रेघा, वर त्रिकोण.

"वाघबकरीचा पट," नाथाजी म्हणाला.

"हे तुम्ही कोरलंत?"

"न्हाई, मॅडम. आईची आन."

"मनुबाईंनी?"

"तिला खेळाचा राग. चाल करायला येळ लागला की पट उधळून द्यायची."

राजेश्वरीनं नखानं रेघ चाचपली. "दगडफूल रेघेच्या आत वाढलंय. शेकडो वर्षांचं आहे. हे तुम्हाला पेरता येणार नाही."

नाथाजीनं जरा विचार केला. "न्हाई," तो कबूल झाला.

"इथं लढाई झालीच नाही, हवालदार. म्हणून काही सापडलं नाही. शिबंदी नुसती बसून होती." तिनं रेघांवरून बोट फिरवलं. "वर्षानुवर्षं."

"वाट बगत?"

"शत्रूची."

"आन् त्यो बी आला न्हाई," नाथाजी म्हणाला. "लय वंगाळ."

तिनं फोटो काढले, मापं घेतली. मग खडे वेचू लागली. नाथाजीनं मोठे खडे वाघाचे म्हणून घेतले, बारके बकऱ्यांचे म्हणून तिच्याकडे राहिले. दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसली. तिला खेळ येत होता, आणि ती चाल करायला घाई करत नव्हती. उन्हं उतरणीला लागली. नाथाजीच्या एका वाघाची कोंडी झाली, दुसऱ्याची होत आली, तेवढ्यात खालून जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

राजेश्वरी उठली. आणखी काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "चाल तुमची आहे." आणि उतरू लागली. दरवाजाशी एकदा वळून पाहिलं. नाथाजीनं सलाम केला. फडकं उतरणीआड गेलं, मग नुसते बूट वाजत राहिले, मग तेही नाही.

नाथाजीनं पटावर भाकरीची टोपली पालथी घातली आणि वर वरवंटा ठेवला, वारा आणि माकडं खडे हलवतील म्हणून. वस्तू परत फळीवर लागल्या. रोज संध्याकाळी तो टोपली उचलून पट बघायचा आणि परत झाकायचा. सुलाबाई एकदा लाकडांना वर आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आवं दाजी, करून टाका की काय ती चाल."

"करतो की. घाई काय हाय?"

चैत्रात कोयनेकडून हादरा आला, बरा दणकट. भांडी खुळखुळली. नाथाजी "या, बसा" म्हणायचं विसरून बुरुजाकडं पळाला. वरवंटा घरंगळला होता, टोपली सरकली होती, तीन खडे जागचे हलले होते. एक बकरी तर अशी बाजूला झाली होती की कोंडलेल्या वाघाला आयती वाट मिळत होती. पेरलेला जिन्नस कुठं आहे हे सॅपर विसरत नाही. नाथाजीनं एकेक खडा उचलून मूळ जागी ठेवला. ती बकरीही ठेवली, जराशी कुरकुर करत.

चाल त्याला केव्हाच सुचली होती. पण करायची म्हणजे समोर कुणीतरी बसलेलं हवं. टोपली परत झाकून तो पलीकडच्या दगडावर बसला आणि सातारच्या वाटेकडं बघू लागला.